गर्भाला पोचणारी खबर : मातेची स्थिती आणि अपत्याचे वर्तन

प्राण्याचे वर्तन कशाने घडते या प्रश्नाची चर्चा दीर्घकाळ दोन उत्तरांभोवती फिरत राहिली, त्यांपैकी एक आनुवंशिकतेचे आणि दुसरे सहवासाचे. आणि ही दोन्ही उत्तरे मराठी भाषेने शास्त्राची वाट न पाहता आपल्या म्हणींत साठवून ठेवली आहेत. ‘खाण तशी माती’ ही म्हण पहिल्या उत्तराची, तर ढवळ्याशेजारी बांधलेल्या पवळ्याला वाण नाही पण गुण लागला, ही दुसऱ्या उत्तराची. परंतु वाण ठरून गेल्यानंतर आणि शेजार मिळण्यापूर्वी सस्तन प्राण्याच्या आयुष्यात एक काळ असा असतो की, ज्यात त्याचे सगळे जग म्हणजे आईचे शरीर असते. त्या काळात आई भुकेली होती की पोटभर खात होती, भयभीत होती की निर्धास्त, एकटी होती की गर्दीत, याचा ठसा अपत्याच्या पुढील वागण्यावर उमटतो काय, आणि उमटत असल्यास तो कोणत्या वाटेने, हा प्रस्तुत व्याख्यानाचा विषय आहे. मातेकडून आलेल्या जनुकांखेरीज, केवळ मातेच्या स्वतःच्या अवस्थेमुळे अपत्याच्या रूपात किंवा वर्तनात जो फरक पडतो, त्याला जीवशास्त्रात मातृप्रभाव म्हणतात, आणि पुढील विवेचनात ही संज्ञा याच अर्थाने वापरली आहे.

या विषयाला प्रायोगिक पाया देण्याचे श्रेय बहुधा विल्यम थॉम्प्सन या मानसशास्त्रज्ञाला दिले जाते. १९५७ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेला त्याचा लेख छोटा आहे, पण त्यातील कल्पना आजही दाद घेऊन जाते. गर्भार मादीला नुसते त्रास देऊन पिल्लांवरील परिणाम पाहणे सोपे होते. तथापि तसे केले असते, तर परिणाम भीतीचा की शारीरिक इजेचा, हे सांगता आले नसते. म्हणून थॉम्प्सनने आधी उंदीर माद्यांना दोन कप्प्यांच्या पेटीत ठेवून असे शिकविले की, घंटी वाजली म्हणजे विजेचा झटका येतो आणि मधल्या दारातून पलीकडे पळाले म्हणजे तो टळतो. हे शिक्षण पक्के झाल्यावर माद्यांचा नराशी संयोग घडवून आणला, आणि गर्भारपणात त्यांना त्याच पेटीत ठेवून घंटी तेवढी वाजवली, दार मात्र बंद ठेवले. झटका एकदाही दिला नाही. अशा रीतीने मादीच्या शरीराला बाहेरून काहीही झाले नाही. जे झाले ते येऊ घातलेल्या संकटाच्या जाणिवेने आणि पळण्याची वाट बंद असल्याने झाले. या माद्यांची पिल्ले मोठी झाल्यावर त्यांना अनोळखी, मोकळ्या जागेत सोडले असता ती इतर पिल्लांच्या मानाने बिचकत वावरली, आणि पिंजऱ्याबाहेर पडायलाही त्यांनी अधिक वेळ घेतला.

येथे एक आक्षेप लगेच उभा राहतो. घाबरलेली आई पिल्लांना नीट पाजणार नाही, नीट चाटणार नाही, आणि मग पिल्लांचे बिचकणे गर्भातले नसून जन्मानंतरचे असू शकेल. हा आक्षेप थॉम्प्सनला ठाऊक होता, म्हणून त्याने जन्मतःच काही पिल्लांची अदलाबदल केली : घाबरविलेल्या आईची पिल्ले शांत आईकडे आणि शांत आईची पिल्ले घाबरविलेल्या आईकडे. दाई बदलण्याची ही पद्धत या संपूर्ण शाखेचा कणा ठरली, कारण गर्भाशय आणि पाळणा यांचे परिणाम वेगळे काढण्याचा दुसरा स्वच्छ मार्ग नाही. तरीही या प्रयोगातील उणिवा नजरेआड करता येत नाहीत. माद्यांची संख्या थोडी होती. एकाच वेतातील सगळी पिल्ले एकमेकांसारखी असणारच, तेव्हा प्रत्येक पिल्लू हा स्वतंत्र पुरावा मानणे चुकीचे आहे. खरे एकक वेत असते, आणि ही चूक पुढेही कित्येक वर्षे अनेक प्रयोगशाळांत होत राहिली. शिवाय जस्टिन जोफी याने १९६५ साली दाखवून दिले की, गर्भधारणेच्या आधी मादीला दिलेले भीतीचे शिक्षणही स्वतःचा परिणाम करून जाते. म्हणजे गर्भारपणाची सीमारेषा संशोधकांनी आखली होती तेवढी ठळक नव्हती.

थॉम्प्सनच्या प्रयोगाने प्रश्न मांडला. वाट मात्र दाखवली नाही. आईच्या आणि गर्भाच्या मज्जासंस्था एकमेकींना जोडलेल्या नसतात, त्यामुळे भीती मज्जातंतूंतून गर्भापर्यंत जाणे शक्य नाही. उरतो तो रक्ताचा मार्ग. संकटाची चाहूल लागली म्हणजे मेंदूच्या आज्ञेवरून मूत्रपिंडांच्या डोक्यावर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी एक संप्रेरक रक्तात सोडतात. माणूस, माकड, डुक्कर, खार यांच्यात ते प्रामुख्याने कॉर्टिसॉल असते आणि उंदरांत कॉर्टिकोस्टेरॉन. हे संप्रेरक साखर मोकळी करते, पचन आणि वाढ यांसारखी कामे लांबणीवर टाकते आणि शरीराला धावण्यासाठी तयार ठेवते. ते चरबीत विरघळणारे असल्याने पेशींच्या आवरणातून सहज पार होते, म्हणून त्याने गर्भापर्यंत पोचावे अशीच अपेक्षा होती. प्रत्यक्षात मात्र वाटेत एक दक्ष पहारेकरी आहे. गर्भ आणि गर्भाशयाची भिंत यांच्यामध्ये राहून, दोन्ही रक्ते एकत्र मिसळू न देता देवघेव करणारा अवयव म्हणजे वार, जिला शास्त्रीय ग्रंथांत अपरा म्हणतात. या वारेत एक विकर असते, आणि ते आईकडून आलेल्या कॉर्टिसॉलचे बहुतांश रेणू निष्क्रिय करून मगच पुढे सोडते. त्यामुळे सामान्य गर्भारपणात गर्भाच्या रक्तातील या संप्रेरकाचे प्रमाण आईच्या मानाने कितीतरी कमी राहते.

एडिंबरा येथील जोनाथन सेकल आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हाच पहारेकरी बाजूला सारून पाहिला, आणि त्यासाठी वापरलेले द्रव्य महाराष्ट्रातील घराघरांत ठाऊक असलेल्या वनस्पतीशी नाते सांगणारे आहे. घसा धरला असता जी काडी चघळतात, त्या ज्येष्ठमधातील गोड द्रव्यापासून तयार होणारे कार्बेनॉक्सोलोन नावाचे औषध वारेतील या विकराचे काम थांबवते. गाभण उंदरीण कोणत्याही ताणाखाली नसताना तिला हे औषध दिले, तरी पिल्ले कमी वजनाची निपजली आणि मोठेपणी अधिक भित्री ठरली. म्हणजे आईला भय नव्हते, गर्भाला मात्र भयाचे रसायन पोचले, आणि परिणाम भयाचाच झाला. याची उलट बाजू फ्रान्समधील संशोधकांनी १९९६ साली दाखविली : ज्या उंदरिणींच्या अधिवृक्क ग्रंथी काढून टाकून संप्रेरकाचे प्रमाण बाहेरून स्थिर राखले होते, त्यांना गर्भारपणात ताण दिला तरी पिल्लांत नेहमीचा बिघाड दिसला नाही, आणि त्याच माद्यांना ताणाच्या वेळी संप्रेरक टोचले असता तो पुन्हा दिसू लागला. एखाद्या रेणूवरील आरोप सिद्ध करण्यासाठी त्याला काढून पाहणे आणि परत आणून पाहणे, या दोन्ही कसोट्या येथे पार पडल्या आहेत. अर्थात कॉर्टिसॉल ही एकच वाट नव्हे; आईच्या संसर्गात तयार होणारे दाहाचे रेणू, वारेच्या रक्तपुरवठ्यातील घट, आहारातील प्रथिनांचा तुटवडा, याही वाटा आहेत.

ठशाचे स्वरूप कोणते, हे पुष्कळ अंशी वेळेवर अवलंबून असते. इंगेबोर्ग वॉर्ड हिने १९७२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात उंदरिणींना गर्भारपणाच्या शेवटच्या आठवड्यात प्रखर प्रकाशाखाली अरुंद नळीत जखडून ठेवले होते. त्यांचे नर पुत्र प्रौढ झाल्यावर समागमाच्या बाबतीत निरुत्साही राहिले. कारण पुढे सापडले. नर गर्भाच्या रक्तात टेस्टोस्टेरॉनची एक लाट ठराविक दिवशी येते आणि त्या लाटेत मेंदूचा नरासारखा आराखडा तयार होतो. ताणाखालील आईच्या गर्भात ही लाट वेळेआधीच येऊन ओसरलेली आढळली. लाट आली होती, पण ती येऊन गेली तेव्हा मेंदूची त्या कामाची घडी आलेली नव्हती. हाच ताण आठवडाभर आधी दिला, तर वेगळ्या ऊतींवर वेगळा परिणाम होतो. म्हणून ‘गर्भारपणातील ताणाचा परिणाम’ असे एकवचनात बोलणे या विषयात टाळलेलेच बरे.

येथवरचे सगळे प्रयोग पिंजऱ्यातील प्राण्यांवरचे आहेत, आणि त्यांची भाषा सहजच नुकसानीची भाषा झाली आहे : पिल्लू भित्रे झाले, हलके झाले, निरुत्साही झाले. परंतु भित्रेपणा हा दोष कोणाच्या दृष्टीने? उजेडाच्या, स्वच्छ, शत्रूविरहित खोलीत बिचकणारे पिल्लू अपंग वाटते. घार डोक्यावर घिरट्या घालत असलेल्या माळावर तेच शहाणे ठरते. हा विचार पुढे नेण्यासाठी संशोधकांना प्रयोगशाळा सोडून रानात जावे लागले, आणि त्या कामाचे एक मोठे केंद्र कॅनडाच्या युकॉन प्रदेशातील क्लुएन सरोवराच्या परिसरात आहे.

उत्तर अमेरिकेच्या त्या सूचिपर्णी अरण्यात स्नोशू नावाचा ससा राहतो. हिवाळ्यात पांढरा आणि उन्हाळ्यात तपकिरी होणाऱ्या या सशाची संख्या दर ८ ते ११ वर्षांनी प्रचंड वाढते आणि कोसळते. हडसन बे कंपनीच्या कातड्यांच्या व्यापाराच्या जुन्या नोंदींवरून लिंक्स या रानमांजराच्या संख्येचे जे आवर्तन चार्ल्स एल्टन या परिस्थितिकीतज्ज्ञाने उजेडात आणले, त्याच्यामागे याच सशांची चढउतार आहे. संख्या कोसळते तेव्हा मरणाऱ्या सशांपैकी बहुतेक सगळे लिंक्स, कोल्हे, घुबडे यांच्या तोंडी पडतात, हे समजण्यासारखे आहे. न सुटणारे कोडे वेगळे होते. सशांपाठोपाठ शिकारी प्राणीही घटतात, चारा पुन्हा उगवतो, आणि तरीही सशांची संख्या २ ते ५ वर्षे तळाशीच रेंगाळते. अन्न आहे, शत्रू विरळ झाला आहे, मग वाढ का होत नाही?

रूडी बूनस्ट्रा, चार्ल्स क्रेब्स आणि मायकेल शेरिफ यांनी सुचवलेले उत्तर मातृप्रभावाचे आहे. सशांना न पकडता त्यांच्या लेंड्यांतील कॉर्टिसॉलच्या अवशेषांवरून त्यांच्यावरील ताण मोजता येतो, आणि शिकाऱ्यांची संख्या वाढलेल्या वर्षांत तो वाढलेला आढळला. पुढे शेरिफने कुंपणातील गाभण सशिणींसमोर, त्यांच्या गर्भारपणाच्या उत्तरार्धात, दिवसाआड मिनिट-दोन मिनिटे एक शिकविलेला कुत्रा नेला. कुत्र्याने त्यांना स्पर्शही केला नाही. या सशिणींपैकी जिवंत पिल्ले देणाऱ्या कमी निघाल्या आणि झालेली पिल्ले लहान व हलकी होती. शिकारी प्राणी ससे न खाताही, नुसता वावरून, नुकसान करतो, असे यातून दिसते. २०१० साली या गटाने प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार ताणाखालील आयांच्या मुलींमध्येही ताणाची प्रतिक्रिया चढीच राहते. भय असे एका पिढीच्या रक्तातून दुसरीत उतरत असेल, तर लिंक्स निघून गेल्यानंतरही ससे काही काळ तो जवळच असल्यासारखे जगतील, आणि तळाशी रेंगाळण्याचा अर्थ लागेल. या स्पष्टीकरणाचे सामर्थ्य असे की, ते एका मादीच्या शरीरातील रेणूपासून संपूर्ण अरण्याच्या दशकभराच्या हिशेबापर्यंत एक अखंड धागा नेते.

त्याच क्लुएनच्या अरण्यात तांबड्या खारीवर झालेले काम याहूनही बोलके आहे, कारण तेथे आईच्या ताणाचा पिल्लांना लाभ होताना दिसतो. ही खार स्प्रूस वृक्षाची शंकूसारखी फळे साठवून हिवाळा काढते, आणि साठ्याभोवतीचा आपला मुलूख सांभाळण्यासाठी किणकिणाटी, खडखडती साद घालते. ज्या पिल्लाला पहिल्या हिवाळ्यापूर्वी स्वतःचा मुलूख मिळत नाही, ते बहुधा वाचत नाही. खारींची दाटी झालेल्या वर्षी मोकळे मुलूख थोडे असतात, आणि त्या वर्षी झपाट्याने वाढलेली पिल्लेच तगतात. विरळ वर्षी झपाट्याने वाढण्यात तसा काही फायदा नसतो. बेन डँट्झर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी खारींची प्रत्यक्ष संख्या न वाढवता रानात खारींच्या सादेचे ध्वनिमुद्रण वाजवले, म्हणजे माद्यांना शेजार दाटल्याचा केवळ भास करून दिला. अन्न जेवढ्यास तेवढे असताना त्या माद्यांची पिल्ले भरभर वाढली. दाट वस्तीतील माद्यांत कॉर्टिसॉल चढलेले असते हे ठाऊक असल्याने त्यांनी पुढे काही गाभण माद्यांना शेंगदाण्याच्या लोण्यातून कॉर्टिसॉल खाऊ घातले, तेव्हा त्यांची पिल्ले इतरांच्या पिल्लांपेक्षा ४१ टक्के वेगाने वाढली. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षांनी एक जुनी समजूत मोडली. जे रसायन उंदराच्या पिंजऱ्यात विकृतीचे कारण म्हणून ओळखले गेले होते, तेच येथे आईकडून पिल्लाकडे जाणारी वेळेवरची खबर ठरले : जग दाटले आहे, लवकर मोठे हो.

आईचा आणि पिल्लाचा सहवास मुळीच नसेल, तेव्हा या खबरीचे मोल अधिकच स्पष्ट होते. उत्तर अमेरिकेतील एका रातकिड्याची मादी शरद ऋतूत जमिनीत अंडी घालून मरते आणि पिल्ले पुढल्या वसंतात बाहेर पडतात, त्यामुळे आईने पिल्लाला काही शिकविण्याचा प्रश्नच येत नाही. जोनाथन स्टॉर्म आणि स्टीव्हन लिमा यांनी अंडी धारण केलेल्या माद्यांना लांडगा-कोळी या शिकारी कोळ्यासोबत ठेवले. कोळ्याचे विषदंत मेणाने झाकलेले होते, म्हणून तो पाठलाग करू शके, मारू शकत नसे. या माद्यांची पिल्ले कोळ्याच्या संपर्कात आली असता लवकर आडोसा शोधू लागली, कोळ्याच्या धाग्याची वा विष्ठेची चाहूल लागताच अधिक काळ निश्चल राहू लागली, आणि खऱ्या कोळ्यासमोर त्यांच्यातील अधिक पिल्ले वाचली. ऑस्ट्रेलियात रिक शाइन आणि शॅरन डाउन्स यांनी जिवंत पिल्लांना जन्म देणाऱ्या एका जातीच्या सापसुरळीवर असेच काम केले : गर्भारपणात सापाचा वास दिलेल्या माद्यांची पिल्ले वजनदार निपजली, त्यांच्या शेपट्या शरीराच्या मानाने लांब होत्या, आणि सापाच्या वासाला ती विलक्षण संवेदनशील होती. संकटात शेपूट तोडून निसटणाऱ्या प्राण्याला लांब शेपूट म्हणजे मोठी पुंजी.

पक्ष्यांचे अंडे ही तर बाहेरून बंद असलेली शिदोरी आहे. मादी त्यात जे भरून देते, तेवढेच. ह्युबर्ट श्वाब्ल याने १९९३ साली दाखवले की, कॅनरी पक्षीण प्रत्येक पुढच्या अंड्याच्या बलकात अधिक टेस्टोस्टेरॉन घालते. शेवटच्या अंड्यातून उशिरा बाहेर पडणारे पिल्लू भावंडांत सर्वांत लहान असते, आणि त्याला घासासाठी आक्रमकपणे भांडण्याचे बळ अशा रीतीने अंड्यातच मिळालेले असते. झेब्रा फिंच या ऑस्ट्रेलियन पक्ष्यांत याहून वेगळी वाट आढळली. मिलेन मारिएट आणि कॅथरीन ब्युकॅनन यांनी २०१६ साली प्रसिद्ध केले की, हवा २६ अंश सेल्सियसच्या वर तापली म्हणजे हे पक्षी उबवणीच्या अखेरच्या दिवसांत अंड्यांजवळ एक विशिष्ट साद घालतात; ही साद ध्वनिमुद्रणातून ऐकलेली पिल्ले उष्ण घरट्यात कमी वाढली. लहान शरीर उष्णता लवकर बाहेर टाकते, त्यामुळे कमी वाढ हा येथे तोटा नव्हता, आणि अशी पिल्ले मोठी झाल्यावर उष्ण घरटी पसंत करू लागली.

कीटकांतील एक उदाहरण महाराष्ट्राला प्रत्यक्ष भोगावे लागले आहे. मे २०२० मध्ये अमरावती, वर्धा, नागपूर या जिल्ह्यांत उतरलेली टोळधाड ज्या वाळवंटी टोळाची होती, तो एरवी एकटा, हिरवट, लाजाळू असा नाकतोडाच असतो. दाटी झाली म्हणजे तो रंग बदलतो, थव्याकडे ओढला जातो आणि धाडीचा घटक बनतो. टोळांतील अशा दोन अवस्था एकाच जातीच्या असतात हा सिद्धांत बोरिस उव्हारोव्ह याने १९२१ साली मांडला. मादीने दाटी अनुभवली असेल तर तिच्या अंड्यांतून निघणारी पिल्ले पहिल्या दिवसापासूनच थव्याकडे झुकलेली असतात. ही वृत्ती अंड्यांभोवती मादी सोडते त्या फेसातील द्रव्यातून जाते, असे ऑक्सफर्डच्या संशोधकांचे म्हणणे; ती अंड्याच्या आकारातूनच ठरून येते, असे जपानमधील सेइजी तानाका आणि त्याच्या सहकाऱ्यांचे. वाद वाटेविषयी आहे, वारशाविषयी नाही.

मात्र या खबरीच्या सिद्धांताने भारावून जाणे योग्य होणार नाही. खबर उपयोगी पडण्यासाठी आईने पाहिलेले जग आणि अपत्याच्या वाट्याला येणारे जग यांत साम्य असावे लागते, आणि ते नसेल तर तीच खबर घातक ठरू शकते. काही वेळा साम्य असूनही हिशेब जुळत नाही. ॲलिसन बेल हिच्या प्रयोगशाळेतील काट्यांच्या स्टिकलबॅक माशांत, भक्षक माशाच्या प्रतिकृतीने पाठलाग केलेल्या माद्यांची पिल्ले एकमेकांजवळ दाट थवा करून पोहू लागली, हे अपेक्षेप्रमाणेच झाले; पण केटी मॅकगी आणि तिच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली अशा पिल्लांना जिवंत पाइक माशासमोर आणले, तेव्हा ती इतरांपेक्षा अधिक मारली गेली. आईचा ताण पिल्लाला सावध करतो तसा दुबळाही करतो, आणि कोणते पारडे जड होईल हे जातीवर, वेळेवर, ताणाच्या मात्रेवर अवलंबून राहते. या विषयात प्रत्येक फरकाला अनुकूलन म्हणण्याचा मोह बळावला आहे. स्टिकलबॅकचा प्रयोग त्या मोहाला घातलेला आवश्यक बांध आहे.

मराठी वाचकाला या ठिकाणी मातेच्या उदरात चक्रव्यूहाचा भेद ऐकणाऱ्या अभिमन्यूची आठवण होणे स्वाभाविक आहे, आणि गर्भसंस्काराच्या नावाने चालणाऱ्या लोकप्रिय लिखाणात ती कथा शास्त्रीय पुराव्यासारखी मांडलीही जाते. प्राण्यांवरील प्रयोग त्या दाव्याला दुजोरा देत नाहीत. गर्भाला शिकवण पोचते असे त्यांत दिसत नाही. पोचते ती आईच्या शरीराची अवस्था. ज्ञानाच्या सर्वांत जवळ जाणारे उदाहरण चवीचे आहे. हंगेरीतील संशोधकांनी गाभण सशिणींना जुनिपर या झुडपाची तीव्र वासाची फळे खाऊ घातली आणि जन्मलेली पिल्ले साध्या खाद्यावरील दुसऱ्या सशिणींना दिली. अंगावरचे दूध तुटताच त्या पिल्लांनी पहिल्यांदाच समोर आलेले जुनिपर पसंत केले. सशीण पिल्लांना दिवसातून एकदाच, तेही काही मिनिटांपुरती पाजायला येते, त्यामुळे आईच्या मागे फिरून खाणे ओळखायला शिकण्याची संधी या पिल्लांना नसते. कोणते झाड खाऊन जगता येते, एवढी एक गोष्ट त्यांना गर्भजलातून कळलेली असते. डोहाळे पुरवण्याच्या आपल्या परंपरेत गर्भारणीच्या जिभेला जे महत्त्व आहे, त्याची या सशांच्या संदर्भात आठवण यावी, इतपतच साम्य येथे मानणे रास्त होईल.

या सर्व विवेचनात आईला दोषी ठरविण्याचा धोका दडलेला आहे, आणि त्याविषयी स्पष्ट बोलणे भाग आहे. भित्र्या पिल्लाचा माग काढत मागे गेले असता वाट आईच्या रक्ताशी थांबत नाही. ती थॉम्प्सनने बंद केलेल्या दारापर्यंत, शेरिफच्या कुत्र्यापर्यंत, कोळ्यापर्यंत, कोरड्या कुरणापर्यंत जाते. मातेचे शरीर हा या घटनेतील रस्ता आहे. त्यावरून काय येते हे तिने ठरवलेले नसते. स्कॉटलंडमध्ये कॅथी ड्वायर आणि तिच्या सहकाऱ्यांनी गाभण मेंढ्यांना गरजेपेक्षा सुमारे ३५ टक्के कमी आहार दिला, तेव्हा व्यायल्यावर त्या मेंढ्यांनी कोकरांना कमी चाटले आणि त्यांच्याशी अधिक आक्रमकपणे वागल्या. उभे राहायला आधीच उशीर लावणारे हलके कोकरू आणि त्याला जवळ न करणारी आई, अशी दुहेरी तूट एकाच भुकेतून निघाली. त्याच देशात डुकरांवर झालेल्या कामात, गाभणपणी अनोळखी डुकरिणींच्या गटात सोडलेल्या माद्यांच्या मुली स्वतः आई झाल्या, तेव्हा विताना अस्वस्थ राहिल्या आणि नवजात पिल्लांवर तोंड टाकू लागल्या. जर्मनीतील म्युन्स्टर येथे सिल्व्हिया कायझर आणि नॉर्बर्ट झाक्सर यांनी गिनीपिगांत हेच सूत्र वेगळ्या रूपात पाहिले : ज्या गाभण माद्यांच्या गटात सतत नवे सदस्य येत-जात राहिले, त्यांच्या मुली नरांसारख्या वागू लागल्या आणि मुलगे दीर्घकाळ बालिश राहिले. आणि विस्कॉन्सिन येथे मेरी श्नायडर हिने गाभण ऱ्हीसस माकडिणींना आठवड्यातून पाच दिवस अंधाऱ्या खोलीत नेऊन अचानक मोठा आवाज ऐकविला असता, त्यांची पिल्ले हलकी निपजली, अनोळखी जागी कमी खेळली आणि एकमेकांना अधिक बिलगून राहिली.

दुसऱ्या बाजूने, ठसा पुसला जाऊ शकतो याचा पुरावाही उंदरांतच आहे. स्टेफानिया माक्कारी आणि तिच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली दाखवले की, गर्भात ताण सोसलेली पिल्ले जन्मतःच दुसऱ्या आईच्या ओटीत दिली तर ताणाला आळा घालणारी त्यांच्या मेंदूतील यंत्रणा मोठेपणी सुरळीत चालते. आणि असे होण्यामागे परक्या पिल्लांकडे दाई अधिक लक्ष पुरवते, हे एक कारण असल्याचे त्यांना आढळले. गर्भाशयात सुरू झालेली घडण जन्माच्या क्षणी संपत नाही, म्हणून तिची दिशाही त्या क्षणी कायमची ठरून जात नाही.

या ज्ञानाचा सर्वांत सरळ उपयोग पाळीव जनावरांच्या बाबतीत होण्यासारखा आहे. गाभण डुकरिणींना हलताही येणार नाही अशा अरुंद पिंजऱ्यांवर ब्रिटनने १९९९ पासून बंदी घातली, आणि युरोपीय संघाने २०१३ पासून गाभणपणाच्या बहुतेक काळासाठी ती लागू केली. त्यामागे प्राण्याच्या आजच्या यातनेचा विचार होता, पण त्या यातनेचा एक हप्ता पुढच्या पिढीकडून वसूल होतो, हे मातृप्रभावाच्या अभ्यासाने दाखवले आहे. महाराष्ट्रात पाहता, बऱ्याच म्हशी पावसाळ्यात आणि त्यानंतर वितात, म्हणजे त्यांच्या गाभणपणाचे शेवटचे महिने चैत्र-वैशाखाच्या उन्हात जातात; आणि दूध आटवल्यावरच्या या भाकड काळात जनावर काही देत नसल्याने चारापाण्याची आणि सावलीची ओढाताण झाली तर ती त्याच्याच वाट्याला येते. नेमक्या याच काळाविषयी फ्लोरिडा विद्यापीठात जेफ्री डाहल, जिमेना लापोर्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गाईंवर दीर्घ काम केले आहे. त्यांच्या नोंदी वर्तनापेक्षा वजनाच्या आणि दुधाच्या आहेत, पण वाट तीच आहे : उष्णतेने आईच्या वारेचे काम मंदावते आणि वासरू हलके निपजते. अशी कालवड मोठी होऊन व्याली म्हणजे कमी दूध देते, आणि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या नोंदींनुसार तिच्या मुलीच्या आयुष्यावरही परिणाम दिसतो. हे अनाकलनीय नाही, कारण मादी गर्भाच्या अंडाशयात तिची पुढील आयुष्यातील बीजांडे गर्भावस्थेतच तयार होत असतात, आणि गाभण गाय उन्हात उभी असते तेव्हा तिच्या नातीचा अर्धा अंश तेथे प्रत्यक्ष हजर असतो. या प्रयोगांत दोन्ही गटांतील गाईंना सावली सारखीच होती. एका गटाला त्याशिवाय पंखे आणि पाण्याचे फवारे मिळाले होते, आणि तेही विण्यापूर्वीचा सुमारे दीड महिनाच.